पवनचक्की बघायला निघालात? सोलापूरकरांसाठी हॉलंडची वाट

आमची पिठाची गिरणी आहे. सोलापुरात नुसतं 'गिरणी' म्हटलं की जुन्या लोकांना अजून 'जुनी गिरणी' आठवते, कापडाची, भोंग्याची. आमची तसली नव्हे, बोळातली. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी बघते. ज्वारीचा दगड वेगळा, गव्हाचा वेगळा. लेक डेल्फ्टला नोकरीला लागली आणि फोनवर म्हणाली, "आई, तू ये, तुला जगातल्या सगळ्यात देखण्या गिरण्या दाखवते." मी, आमचे हे आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, असे तिघं मे महिन्यात जाऊन आलो.

परत आल्यापासून दळण टाकायला येणारी निम्मी गिऱ्हाईकं तेच विचारतात. कुणाचा मुलगा आइंडहोव्हनला, कुणाची सून रॉटरडॅमला. व्हिसा कसा, किती चालावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना झेपतं का, खायचं काय. तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

१. आधी ठरवा, कसली चक्की बघायची

मी इथेच फसले. 'चक्की' हा शब्दच डोक्यात पीठ घेऊन येतो. किंडरडाइकच्या एकोणीस पवनचक्क्यांचे फोटो बघून मला वाटलं, आत दगड फिरत असतील, पीठ उडत असेल, मालकिणीच्या भुवया आपल्यासारख्या पांढऱ्या झालेल्या असतील. आत गेले तर पिठाचा कणही नाही. त्या चक्क्या पाणी उपसायच्या. हॉलंडचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, भोवती बांध घालून आतली जमीन राखलेली. पाऊस पडला, जमिनीत पाझर झाला की पाणी आपोआप वाहून जायला वाटच नाही. ते उचलून नदीत टाकावं लागतं. शेकडो वर्षं ते काम वाऱ्याने केलं.

तेव्हा आधी पक्कं करा:

पाणी उपसणाऱ्या चक्क्या, त्याही रानात, रांगेने बघायच्या असतील तर किंडरडाइक. रॉटरडॅमपासून पूर्वेला साधारण पंधरा किलोमीटर. १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत.

लाकूड कापणारी, तेल काढणारी, रंग कुटणारी चक्की बघायची असेल तर झान्से स्खान्स. ॲमस्टरडॅमहून लोकल ट्रेनने वीसएक मिनिटं. तिथल्या चक्क्यांना नावं आहेत. रंगवालीचं नाव 'मांजर', लाकूड कापणारीचं 'कोकरू'. वाऱ्यावर रंग दळणारी 'मांजर' ही जगात उरलेली एकच. पण गर्दी आपल्या गड्ड्याच्या जत्रेसारखी. दुकानं, लाकडी बूट, चीज, सगळं एका जागी. मुलांना आवडेल. मला किंडरडाइक बरं वाटलं.

पीठच बघायचं असेल तर गावातली चक्की शोधा, त्याचं नवव्या पायरीत सांगते. रॉटरडॅमला लागून शिडाम गाव आहे, तिथे जगातल्या सर्वात उंच जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. दारूच्या भट्ट्यांसाठी धान्य दळायला बांधलेल्या. शहरात घरं उंच, वारा अडतो, म्हणून चक्की त्याहून उंच काढली. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "दारूसाठी माणूस कितीबी वर चढतो."

२. महिना आणि वार

एप्रिल ते सप्टेंबर. हिवाळ्यात जाऊ नका. चार वाजताच अंधारून येतं आणि वारा हाडात शिरतो. ट्युलिपची बाग, म्हणजे केउकेनहोफ, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. दोन्ही साधायचं असेल तर एप्रिलचा शेवट किंवा मेची सुरुवात धरा. आपल्याकडे तेव्हा पारा त्रेचाळीसवर असतो, त्यामुळे घर सोडताना वाईटही वाटत नाही.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तिकडे राष्ट्रीय पवनचक्की दिवस असतो. देशभरातल्या शेकडो चक्क्या त्या दोन दिवसांत लोकांसाठी उघडतात आणि फिरतात. एरवी कुलूप असलेल्यासुद्धा. तारखा जुळत असतील तर हे दोन दिवस अजिबात सोडू नका. आम्ही योगायोगाने त्याच आठवड्यात होतो.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

नव्वद दिवसांपर्यंतचा शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. आम्ही फेब्रुवारीतच हालचाल केली म्हणून निभावलं. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः व्हिसा केंद्रावर जावं लागतं. आम्ही सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो आणि त्याच दिवशी काम उरकून परतलो.

सोबत लागणारे कागद:

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन पानं तरी कोरी
- भरलेला अर्ज, आणि त्यांच्या मापाचे फोटो (३५ × ४५ मिलिमीटर)
- जाण्या-येण्याचं विमानाचं आरक्षण
- प्रवास विमा, किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- बँकेची स्टेटमेंटं, आयकराची विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजेचं पत्र. धंदा असेल तर परवाना, नोंदणी
- राहण्याचा पुरावा: हॉटेल किंवा, मुलांकडे राहणार असाल तर, त्यांनी भरलेला यजमानाचा फॉर्म

या शेवटच्या फॉर्मला जपा. त्यावर तुमच्या मुलाने किंवा मुलीने नुसती सही करून भागत नाही. ती सही तिथल्या नगरपालिकेत जाऊन प्रमाणित करून घ्यावी लागते. तिकडे नगरपालिकेतही अपॉइंटमेंट लागते. लेकीचा फॉर्म यायला उशीर झाला आणि आमची पुण्याची तारीख एकदा पुढे ढकलावी लागली. व्हिसाच्या बाकी कशाआधी हा फॉर्म सुरू करा.

मोठ्या माणसाची व्हिसा फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची अर्धी. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही, तेव्हा एजंट "कागद कमी चालतील" म्हणाला तरी ऐकू नका.

आमची गिरणी छोटी, उलाढाल रोखीत. केंद्रावर मी शॉप ॲक्टचा दाखला, वीजबिल आणि चक्कीसमोर उभी असलेला माझा फोटो लावला. फोटो कुणी मागितला नव्हता. लेक हसली. पण कागदांपेक्षा फोटोत धंदा स्पष्ट दिसत होता, एवढं नक्की.

४. सामान: काय न्यायचं, काय नाही

छत्री नेऊ नका. तिकडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. माझी नवी छत्री दुसऱ्याच दिवशी उलटी झाली आणि लेकीच्या घराजवळच्या कचराकुंडीत गेली. टोपीवाला, वारा अडवणारा रेनकोट घ्या. आत दोन पातळ स्वेटर. मे महिन्यातही बारा-पंधरा अंश असतं, आणि उघड्या बांधावर ते सहा-सातसारखं लागतं.

बूट बंद, तळ धरणारे. हे सगळ्यांना सांगून थकले. चपलेवर चक्कीची शिडी चढू नका.

सासूबाईंनी सहावारी सोडली नाही. हरकत नाही. पण शिडी चढताना निऱ्या वर खोचून घेतल्या, आणि आत स्वेटपँट. गुडघ्यापर्यंत मोजे, पायात लेकीचे जुने स्पोर्ट्स शूज. फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला.

खाण्याचं: कडक भाकरी आणि शेंगा चटणी. आपल्या गावाने प्रवासासाठी यापेक्षा चांगलं काही केलेलं नाही. महिनाभर टिकते, फुटली तरी चालते. बांधावर बसून खाता येते, मायक्रोवेव्ह लागत नाही. बाहेरून आलेलं दूध-दुभतं आणि मांस युरोपात नेऊ देत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, खवा घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद फक्त पाच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ते वास मारणारं ड्युरियन. नारळ चालतो म्हटल्यावर सासूबाईंनी सिद्धेश्वराच्या देवळातला एक आठवणीने घेतला.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

५. सोलापूर ते किंडरडाइक

सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, सकाळी मुंबई. तिथून ॲमस्टरडॅमला थेट विमान आहे, नऊ तासांच्या आसपास. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन. सरकता जिना उतरला की फलाट. रॉटरडॅमपर्यंत ट्रेनने अर्धा-पाऊण तास.

रॉटरडॅमहून पुढे दोन वाटा आहेत, बस किंवा वॉटरबस. वॉटरबस म्हणजे प्रवासी बोट, शहरातल्या इरास्मस पुलापाशी सुटते. हीच घ्या. सायकल, म्हातारी माणसं, बाबागाड्या, सगळे एकत्र, आणि दोन्ही काठांवर जहाजं बांधायचे कारखाने बघत बघत जाता. काही फेऱ्यांना मध्ये बोट बदलावी लागते. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या रात्री मोबाइलवर बघून ठेवा. परतीची शेवटची बोटसुद्धा बघा. आम्ही बघितली नव्हती. संध्याकाळी चुकली, मग बस शोधत बांधावर अर्धा तास. सासूबाई म्हणाल्या, "एसटी असती तर हात केला असता."

६. कार्ड, आणि ते दुसऱ्यांदा टेकवणं

बस, ट्रेन, बोट सगळीकडे बँकेचं टॅप करायचं कार्ड चालतं. चढताना यंत्राला टेकवायचं, उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात की ठरलेली मोठी रक्कम कापली जाते. आमच्या ह्यांचं पहिल्याच दिवशी कापलं गेलं आणि नंतर दोन आठवडे ते प्रत्येक दारातून बाहेर पडताना कार्ड काढत होते. मॉलमध्येसुद्धा.

दोन गोष्टी सोलापुरातच करून निघा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार आणि टॅप दोन्ही सुरू करा. आणि कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड आहे का बघा. एक कार्ड एकालाच चालतं, तिघांना एकावर चढता येत नाही. प्रत्येकाकडे वेगळं हवं. सासूबाईंसाठी लेकीने तिथलं वेगळं प्रवासकार्ड घेतलं.

रोख पैशाला काही दुकानं सरळ नाही म्हणतात. स्वच्छतागृहाला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, तेही कार्डाने.

७. बांधावर पोचल्यावर

बांधावरची वाट सगळ्यांना मोकळी, तिकीट नाही. तिकीट आहे ते आतल्या संग्रहालय-चक्क्यांना आणि कालव्यातल्या बोटीला. ते आधी ऑनलाइन काढलेलं बरं. पण पैसे वाचवायचे असतील तर नुसतं चालूनही दिवस वाया जात नाही. चक्क्या वाटेवरून जवळ दिसतात.

वाटेवर सायकलवाले असतात, आणि ते थांबत नाहीत. आपली सवय म्हणजे चौघं आडवे होऊन गप्पा मारत चालायची. घंटी वाजली की कडेला व्हा.

या गावाच्या नावाची गोष्ट पोरांना सांगा. १४२१ च्या नोव्हेंबरात तिकडे सेंट एलिझाबेथचा महापूर आला, गावंच्या गावं बुडाली. पूर ओसरताना एक पाळणा वाहत आला. आत रडणारं बाळ, आणि पाळणा कलंडू नये म्हणून या कडेवरून त्या कडेवर उड्या मारणारं मांजर. तो जिथे लागला तो किंडरडाइक, म्हणजे मुलाचा बांध. दंतकथाच. पण आपल्या नदीकाठच्या कुणालाही पटेल अशी.

कालव्याच्या एका बाजूला आठ चक्क्या विटांच्या, गोल. त्या १७३८ मधल्या. दुसऱ्या बाजूला आठ अष्टकोनी, पाणगवताने शाकारलेल्या, १७४० च्या. बाकीच्या तीन थोड्या बाजूला. विटांच्या चक्कीसमोर आणि शाकारलेल्या चक्कीसमोर एकेकदा तरी थांबा, बघताना फरक कळत जातो.

मग पात्यांकडे बघा. पातं म्हणजे लाकडी जाळी, तिच्यावर कापडाचं शीड ताणतात. वारा मंद असेल तर पूर्ण शीड, जोराचा असेल तर गुंडाळून अर्धं. म्हणजे चालवणारा माणूस रोज प्रत्येक पातं जमिनीपर्यंत फिरवून आणतो, त्यावर चढतो आणि कापड बांधतो. या चक्क्यांची पाती जवळजवळ जमिनीला टेकतात, वीत-दीड वीत अंतर. फिरत असताना कठड्याच्या आत पाय टाकू नका. पातं येताना फारसा आवाज करत नाही. वारा मागून कानात असतो आणि ते समोरून खाली येतं.

मागच्या बाजूला एक लांब लाकडी शेपटी दिसेल आणि तिच्या टोकाला चाक. हे चाक फिरवून चक्कीची अख्खी टोपी, म्हणजे पात्यांसकट वरचा माथा, वाऱ्याकडे वळवतात. वारा बदलला की टोपी वळवायची. माझ्या गिरणीत वीज गेली की मी हातावर हात ठेवून बसते. यांची वीज दिवसातून चार वेळा दिशा बदलायची आणि ते तिच्या मागे फिरायचे.

८. आत चढताना

जिना नव्हे, शिडी. जवळजवळ उभी, पायऱ्या अरुंद, धरायला जाड दोर. चढताना पिशवी खाली ठेवा. उतरताना पाठमोरे उतरा, तोंड शिडीकडे. उंच टाचा, धोतर, खांद्याला लटकणारी पर्स, काहीच नको. गुडघे दुखत असतील तर पहिला मजला बघून थांबा. राहण्याच्या खोल्या बहुतेक खालीच असतात, आणि बघायचं तेच.

हो, राहण्याच्या. या चक्क्यांत कुटुंबं राहायची. अजूनही बहुतेक चक्क्यांत माणसं राहतात. म्हणून ज्या चक्कीवर पाटी नाही तिच्या खिडकीत डोकावू नका. आमच्यासमोर एका काकांनी काचेला हात लावून आत बघितलं, आणि आत एक बाई चहा घेत होती.

संग्रहालय-चक्कीत गोल भिंतीला लागून कपाटासारख्या पलंगांच्या खोबण्या आहेत. स्वयंपाकाची चूल, भांडी, मुलांचे कपडे. छताच्या वर यंत्र गरगरत असतं, अख्खी इमारत जहाजासारखी थोडी हलते. मी भिंतीला हात लावला. थरथर कळत होती. आमच्या गिरणीत पट्टा सुरू झाला की मागच्या भिंतीवरची कॅलेंडरं हलतात, अगदी तसंच.

खाली पाण्याचं चाक. ते बघाच. मोठं लाकडी चाक, त्याला फळ्या. वर पाती फिरली की मधला खांब फिरतो, त्याचे दाते चाकाला लागतात, आणि फळ्या पाणी ढकलत वर चढवतात. आपल्या रहाटाचीच उलटी बहीण. रहाट खोल विहिरीतून काढतो, हे चाक पाणी फार उंच नेऊ शकत नाही. एका चाकाने दीड मीटरच्या आसपास. म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने चढवायचं: सखल शेतातून खालच्या तळ्यात, तिथून वरच्या तळ्यात, आणि नदीची पातळी उतरली की नदीत. आज ते काम मोठे पंप करतात. चक्क्या चालू ठेवल्यात, कारण दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना तेव्हा याच पुन्हा उपयोगी पडल्या होत्या.

सासूबाई त्या चाकापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मी म्हटलं थकल्या. तर म्हणाल्या, "एवढं पाणी फेकून द्यालेत की गं!" चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावची बाई, आणि समोर तीनशे वर्षं पाणी बाहेर टाकायची खटपट. हिप्परग्याच्या तलावात याच्या निम्मं आलं असतं तर, हे त्यांचं पुढचं वाक्य होतं. त्यानंतर पूर्ण प्रवासात त्यांनी लेकीच्या घरचा नळ वाहता ठेवला की रागावायचं सोडलं नाही.

जाता जाता बंद असलेल्या चक्क्यांची पाती कशी उभी आहेत तेही बघा. समोरून पाहिलं तर ही पाती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वरचं पातं माथ्याला पोचायच्या जरा आधी, म्हणजे थोडं उजवीकडे थांबवलं असेल तर घरात आनंद: लग्न, बाळ. माथा ओलांडून डावीकडे थांबवलं असेल तर दुखवटा. २०१४ च्या जुलैमध्ये युक्रेनवर पाडलेल्या मलेशियन विमानात जवळजवळ दोनशे डच माणसं गेली, तेव्हा देशभरातल्या चक्क्या दुखवट्यात उभ्या होत्या. दारावर तोरण किंवा सुतकातली बंद गिरणी. आपल्याला सांगावं लागत नाही.

९. पीठ बघायचंच असेल तर

रस्त्याने जाताना चक्कीवर लांबट निळी पताका दिसली तर गाडी थांबवा. तिचा अर्थ, चक्की उघडी आहे, आत या.

आम्हाला लांब जावं लागलं नाही. डेल्फ्टमध्येच 'दे रोस', म्हणजे 'गुलाब' नावाची पिठाची चक्की आहे. शहरात पूर्वी बऱ्याच होत्या, उरलेली ही एकच. खालून रेल्वेचा बोगदा न्यायचा होता तेव्हा अख्खी चक्की जॅकवर उचलली होती. आपल्याकडे पाडून मॉल झाला असता.

आत शिरले आणि वास आला. ताज्या दळणाचा, थोडा गरम, थोडा दगडाचा. डोळे मिटून मी आमच्या बोळात होते. दगड आमच्याहून दुप्पट मोठे, पण तसेच: खालचा स्थिर, वरचा फिरता, मध्ये भोक, वरून पेटीतून धान्य थरथरत पडणारं. कोपऱ्यात एक उलटा ठेवलेला दगड होता, त्यावर टाकीच्या, म्हणजे छिन्नीने पाडलेल्या, रेघा. मी त्यांवर बोट फिरवलं, तिथे धार थोडी बोथट झाली होती.

चालवणारे गृहस्थ पासष्टीचे असावेत. लेकीने सांगितलं, "माझी आईपण चक्की चालवते." त्यांना आधी कळेना. मग मी मोबाइलवर तोच व्हिसाचा फोटो दाखवला. ते एकदम हसले. मला पोत्यापाशी नेलं, दगडाच्या बाहेर पडणारं पीठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये घेऊन चोळलं, आणि माझ्या हातावर ठेवलं. मीही चोळलं. सासरे तसंच बघायचे, आणि म्हणायचे, "डोळ्याने पीठ बघायचं नसतं." मी मान डोलावली. थोडं भरड होतं. ते मी सांगितलं नाही.

या माणसांबद्दल एक गोष्ट कळली, ती तुम्हाला उपयोगी पडेल. तिकडच्या जुन्या चक्क्या चालवणारे बरेच जण स्वयंसेवक असतात. रीतसर शिकतात, परीक्षा देतात, मग पगार न घेता शनिवारी येऊन चक्की फिरवतात. त्यांची संघटना १९७२ मध्ये निघाली. आपल्याकडे ते साल म्हटलं की दुष्काळ, खडी फोडायची कामं आणि लाल मिलो. चक्की चालवायच्या या कसबाला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली. तर त्यांच्याशी बोला. ते कंटाळत नाहीत. वारा कमी असेल आणि चक्की बंद असेल तर जास्तच बोलतात. भाषा अडली तर हातवारे चालतात, दगडाला सगळीकडे दगडच म्हणायचं असतं.

विकत मिळतं ते पीठ छोट्या कागदी पुड्यांत, वर चक्कीचं चित्र. आम्ही गव्हाचं दोन किलो घेतलं. त्या रात्री लेकीच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी स्वतः कणीक भिजवली, पाण्याचा अंदाज दोनदा बदलला, आणि पोळ्या लाटल्या. सगळे जेवल्यावर त्यांनी शेवटची पोळी हातात घेऊन उजेडाकडे धरली, उलटी केली, सुलटी केली.

"वाऱ्यावर दळलंय खरं," म्हणाल्या, "पण दगडाला टाकी लावायला झालीय त्यांच्या. कळव त्यांना."